चावी दिल्यानंतरचं धोरण

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की गृहनिर्माण धोरण बांधलेल्या घरांच्या आकड्यावरून जोखू नये; त्यातली किती घरं तीस वर्षांनीही कमी कमाईच्या माणसाच्या आवाक्यात राहिली, त्यावरून जोखावं. त्यावर बरीच पत्रं आली. काहींना हे पटलं, तर काहींना वाटलं की घरांची एवढी टंचाई असताना मी बांधणाऱ्यांच्या पायात खोडा घालते आहे. माझी सगळी नोकरी सार्वजनिक वसाहतींच्या देखभाल विभागात गेली. फीत कापून मंडळी निघून गेल्यावर पंप, लिफ्ट, गच्चीची गळती आणि भाड्याची थकबाकी ज्यांच्या गळ्यात पडते, त्यांच्यातली मी एक. त्यामुळे माझी उत्तरं त्याच बाजूनं येतात.

प्रश्न : मी परिचारिका आहे, नवरा एका दुकानात हिशेब लिहितो. परवडणारी म्हणून जाहीर झालेल्या घरांचा हप्ता आमच्या दोघांच्या पगारात बसत नाही. मग ही घरं परवडतात तरी कोणाला?

किंमत ठरवताना सुरुवात कुठून केली, ते आधी पाहा. एक रीत कुटुंबाच्या कमाईपासून सुरू होते. अमेरिकेत १९६९ साली सार्वजनिक घरांचं भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर रोखलं गेलं आणि १९८१ मध्ये ती मर्यादा ३० टक्के झाली. दुसरी रीत बाजारापासून सुरू होते. इंग्लंडमध्ये २०११ पासून बाजारातल्या भाड्याच्या ८० टक्क्यांपर्यंतचं भाडंही परवडणाऱ्यात धरलं जाऊ लागलं. बाजार चढला की हे भाडंही चढतं, आणि परिचारिकेचा पगार काही त्या वेगानं चढत नाही. तुमच्या योजनेची किंमत या दुसऱ्या रीतीनं काढलेली दिसते.

मला स्वतःला ३० टक्क्यांचा नियमही पुरेसा वाटत नाही. मोठ्या पगारातून ४० टक्के घराला गेले तरी घर चालतं. तुटपुंज्या पगारातून ३० टक्के गेले, तर मुलांच्या फीला आणि औषधांना हात आखडावा लागतो. थकबाकीच्या नोटिसा घेऊन मी दारोदार गेले आहे. भाडं बुडवायचं म्हणून बुडवणारी माणसं त्यात फार थोडी भेटली. बहुतेकांच्या घरात त्या महिन्यात कुणीतरी आजारी होतं, नाहीतर कुणाचं काम गेलेलं होतं. म्हणून घरखर्च वजा जाता हातात काय उरतं, हे पाहूनच भाडं ठरवायला हवं. त्या घरखर्चात देखभाल शुल्क, वीज-पाणी आणि कामावर जायचं प्रवासभाडंही धरा. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या समितीनं १९९१ साली पुरेशा घराच्या सात कसोट्या सांगितल्या. परवडणं ही त्यातली एक. ताब्याची शाश्वती, पाणी-वीज-सांडपाण्याच्या सोयी आणि कामधंद्याच्या जवळची जागा याही त्यात आहेत.

प्रश्न : सरकारनं बांधकामाच्या भानगडीत पडावंच कशाला? गरजूंच्या खात्यात भाड्याचे पैसे जमा करावेत, घर ते शोधतील. – एक निवृत्त बँक अधिकारी

तुमचं म्हणणं एका परिस्थितीत अगदी बरोबर आहे. शहरात घरं रिकामी असतील आणि लोकांच्या हातात पैसा नसेल, तर भाडेमदत हा सगळ्यात झटपट उपाय. कुटुंबाला हवी ती वस्ती निवडता येते, शाळा बदलावी लागत नाही. पण घरंच कमी असतील तर तीच मदत घरमालकाच्या भाड्यात विरघळते. मदत वाढली की भाडं वाढतं, भाडं वाढलं की मदत वाढवावी लागते. ब्रिटननं १९७० नंतरच्या दशकांत हा प्रवास केला आहे. पूर्वी तिथला घरांवरचा सरकारी पैसा मुख्यतः घरं बांधण्यात जात असे, पुढे त्याचा बहुतेक भाग भाडेमदतीत जाऊ लागला. असा खर्च वर्षानुवर्षं चालतो आणि शेवटी सरकारच्या हातात एकही घर नसतं.

आणखी एक गोष्ट तुम्ही बँकेत होतात म्हणून तुम्हाला लगेच पटेल. मंदी आली की खासगी बांधकाम व्यावसायिक थांबतो, आणि त्यानं थांबणं व्यवहाराला धरूनच असतं. पण घराची गरज त्या काळात थांबत नाही, उलट वाढते. गवंडी, सुतार, नळकाम करणारे रिकामे बसलेले असतात आणि निविदाही कमी दरानं येतात. त्या वेळी बांधू शकेल अशी संस्था फक्त सार्वजनिक पैशावरच उभी राहते. ती आधीपासून हाताशी असावी लागते, कारण मंदी आल्यावर नवी संस्था काढून अभियंते नेमेपर्यंत वेळ निघून जाते.

फिनलंडनं दोन्ही वाटा एकत्र चालवल्या. २००८ पासून तिथे बेघर माणसाला आधी कायमचं घर आणि मग व्यसनमुक्ती, नोकरी वगैरे, असा क्रम लावला. भाडेमदत होतीच, पण तिच्या जोडीला तात्पुरत्या निवाऱ्यांच्या इमारती बदलून त्यात स्वतंत्र खोल्या केल्या गेल्या. १९८५ मध्ये स्थापन झालेलं वाय-फाउंडेशन घरं विकत घेऊन आणि बांधून भाड्यानं देत होतंच. बेघरांची संख्या त्यानंतर निम्म्याहून खाली आली. नुसत्या पैशानं हे झालं नसतं, कारण त्या माणसांना द्यायला घर हातात होतं.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघं तुमच्या लेखावरून भांडलो. तो म्हणतो, सरकारी घर भाडेकरूच्या नावावर करून टाकावं, गरिबाच्या हाती एक तरी मालमत्ता येईल. मी म्हणते, भाड्यानंच द्यावं. कोणाचं बरोबर?

तुमच्या नवऱ्याचा हेतू मला मनापासून आवडतो. आयुष्यभर भाडं भरलेल्या माणसाच्या डोळ्यांत मालकीचा कागद पाहून येणारं पाणी मी पाहिलं आहे, त्याला कमी लेखणाऱ्यांशी माझं जमत नाही. तरीही धोरण ठरवणाऱ्यानं त्या घराच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या रहिवाशाचाही विचार करायला हवा. पहिल्या कुटुंबाला मिळालेली सवलत त्यानंतर येणाऱ्याला मिळणार का, या एका प्रश्नावर अनेक देशांची धोरणं तरली किंवा बुडाली आहेत.

ब्रिटनचं पाहा. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये आरोग्यमंत्री ॲडिसन यांच्या कायद्यानं नगरपालिकांनी घरं बांधायची आणि सरकारनं पैसा द्यायचा, असं ठरलं. साठ वर्षं बांधकाम चालू राहिलं आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस जवळजवळ एक तृतीयांश कुटुंबं नगरपालिकांच्या घरांत राहत होती. १९८० च्या गृहनिर्माण कायद्यानं भाडेकरूंना आपलं घर विकत घेण्याचा हक्क दिला, तोही सुरुवातीला ३३ ते ५० टक्के सवलतीनं. एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे २० लाख घरं अशी विकली गेली. घेणाऱ्या कुटुंबांचं भलं झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण विक्रीतून आलेला पैसा नवी घरं बांधायला वापरण्यावर नगरपालिकांना मोठी बंधनं होती, त्यामुळे विकलेल्या घराच्या जागी घर उभं राहिलं नाही. लंडनमधली अशी कितीतरी घरं पुढे खासगी घरमालकांकडे गेली आणि आज तीच बाजारभावानं भाड्यानं दिली जातात. काही ठिकाणी नगरपालिका स्वतःच विकलेल्या घरात गरजू कुटुंबाला ठेवून नव्या मालकाला भाडेमदत देते. स्कॉटलंडनं २०१६ मध्ये आणि वेल्सनं २०१९ मध्ये हा हक्क बंद केला.

जर्मनीत घरं सरकारनं विकली नसती तरी संख्या घटलीच असती, कारण तिथे घट योजनेच्या रचनेतच होती. घर कोणीही बांधावं, सरकार स्वस्त कर्ज देईल आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षं भाडं कमी ठेवायचं, असा करार. मुदत संपली की घर बाजारात मोकळं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एकट्या पश्चिम जर्मनीत अशी सुमारे ४० लाख घरं होती. आज एकत्रित जर्मनीत ती ११ लाखांच्या आसपास उरली आहेत. विक्रीचे प्रकार वेगळे. ड्रेस्डेन शहरानं २००६ मध्ये आपली सुमारे ४८ हजार घरं एका गुंतवणूकदार कंपनीला एकगठ्ठा विकली आणि शहर कर्जमुक्त झालं. पुढे २०१७ मध्ये त्याच शहराला पुन्हा नवी गृहनिर्माण कंपनी काढावी लागली. अमेरिकेतही १९८६ पासून करसवलतीवर जी घरं बांधली जातात, त्यांना आधी १५ आणि नंतर किमान ३० वर्षांची मुदत आहे. जिथे मुदत असते तिथे ती संपण्याच्या सुमारास भाडेकरू म्हातारे झालेले असतात. साठीत घर सोडण्याची नोटीस येणं म्हणजे काय, ते एखाद्या वृद्ध भाडेकरूशेजारी बसून ऐकावं.

आता मालकी देऊनही घर आवाक्यात ठेवण्याची उदाहरणं सांगते, म्हणजे घरातलं भांडण मिटेल. सिंगापूरच्या गृहनिर्माण मंडळाची स्थापना १९६० ची. १९६४ पासून ते घरं विकू लागलं आणि १९६८ पासून लोकांना भविष्यनिर्वाह निधीतून त्याचे पैसे भरता येऊ लागले. आज तिथली चारपैकी तीनहून जास्त माणसं मंडळाच्या घरांत राहतात आणि त्यातले बहुतेक त्या घराचे मालक आहेत. पण ही मालकी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची आहे. घर घेतल्यावर किमान ५ वर्षं स्वतः राहावं लागतं. मोक्याच्या ठिकाणच्या नव्या घरांना २०२१ पासून ही अट १० वर्षांची केली आहे. यालाही काळजीची बाजू आहे. भाडेपट्टा संपत येईल तशी घराची किंमत उतरत जाते आणि घरालाच म्हातारपणाची पुंजी मानलेल्या लोकांना ते जड जातं.

अमेरिकेतल्या बर्लिंग्टन गावात १९८४ पासून सामुदायिक भूमिन्यास चालतो. जमीन न्यासाची, त्यावरचं घर कुटुंबाचं. विकायची वेळ आली की कुटुंबाला आपण भरलेले पैसे परत मिळतात आणि किमतीत झालेल्या वाढीचा चौथा हिस्सा मिळतो. उरलेली वाढ घरातच राहते, म्हणून पुढचं कुटुंब कमी किमतीत येऊ शकतं. माझ्या मते तुमच्या दोघांच्या म्हणण्यातलं बरंचसं यात बसतं. तुमच्या नवऱ्याला सांगा, नावावर घर करायला माझी हरकत नाही. घराखालची जमीन मात्र सार्वजनिक राहू द्या.

प्रश्न : सरकारी वसाहती शेवटी बकाल होतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तिथल्या लोकांना घराची किंमतच नसते. या वास्तवावर तुम्ही का बोलत नाही?

बोलते, आणि जरा सविस्तर बोलते, कारण माझी नोकरी या आरोपाचा सामना करण्यात गेली.

या मताच्या पुष्टीसाठी नेहमी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या प्रुइट-आयगो वसाहतीचा दाखला दिला जातो. ११ मजल्यांच्या ३३ इमारती, २,८७० घरं, वास्तुरचनाकार मिनोरू यामासाकी. १९५४ मध्ये लोक राहायला आले आणि १९७२ मध्ये सुरुंग लावून पहिल्या इमारती पाडायला सुरुवात झाली. इमारत कोसळतानाची छायाचित्रं जगभर गेली आणि लोकांनी त्यावरून हवे ते निष्कर्ष काढले. कोणी आधुनिक वास्तुकलेला दोष दिला, कोणी रहिवाशांना.

मी त्या वसाहतीचा हिशेब पाहते. केंद्र सरकारनं बांधकामाचा खर्च दिला. देखभाल मात्र भाडेकरूंच्या भाड्यातून करायची होती. त्याच काळात सेंट लुईस शहर रिकामं होत होतं. १९५० मध्ये साडेआठ लाखांवर असलेली लोकसंख्या १९७० मध्ये सव्वासहा लाखांच्या आत आली. ज्यांना जमलं ते उपनगरांत गेले, वसाहतीतली घरं रिकामी पडू लागली, भाड्याचं उत्पन्न घटलं, म्हणून दुरुस्ती थांबली, म्हणून आणखी लोक गेले. उरलेल्यांचं भाडं वाढवलं गेलं. अखेर १९६९ मध्ये त्या शहरातल्या सार्वजनिक वसाहतींतल्या भाडेकरूंनी भाडं भरणं बंद केलं. वर जी २५ टक्क्यांची मर्यादा सांगितली, ती त्याच वर्षीची. बांधतानाही काटकसर अशी केली होती की लिफ्ट प्रत्येक मजल्यावर न थांबता मधले मजले सोडून थांबायची. ज्याच्या हातात पाण्याची कळशी, कडेवर मूल आणि लिफ्ट एक मजला वर थांबते, त्याला घराची किंमत कळत नाही असं मी तरी म्हणणार नाही.

माझा अनुभवही हेच सांगतो. जिन्यातला दिवा गेला आणि तो त्याच आठवड्यात बदलला, तर पुढचा दिवा कोणी फोडत नाही. तोच महिनाभर बंद राहिला तर त्या जिन्याकडे कोणाचंच लक्ष नाही, हे सगळ्यांना समजतं आणि बिघाड पसरत जातो. गच्चीचं जलरोधक अस्तर ठरल्या वेळी नवं केलं नाही तर पाणी स्लॅबमध्ये मुरतं, सळ्या गंजून फुगतात, काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. जे काम अस्तराच्या खर्चात भागलं असतं, त्याला पुढे सगळ्या संरचनेची दुरुस्ती लागते. यात रहिवाशांच्या संस्कारांचा काही संबंध नाही. त्या वर्षी देखभालीचा निधी कोणत्या तरी दुसऱ्या शीर्षाखाली वळवला गेलेला असतो.

याच्या उलट व्हिएन्नातला कार्ल मार्क्स-होफ, नगरपालिकेनं बांधलेली वसाहत. कार्ल एन यांनी आराखडा केला आणि १९३० मध्ये तो उघडला. लांबी एक किलोमीटरहून जास्त, घरं १,३०० च्या घरात. जमिनीचा पाचवा हिस्साही बांधकामाखाली घेतला नाही, बाकी सगळी अंगणं आणि बागा. आत धुलाईघरं, स्नानगृहं, बालवाडी आणि वाचनालय होतं. १९३४ च्या यादवीत त्यावर तोफा डागल्या गेल्या, तरी आज तिथे लोक राहतात आणि भाडं भरतात. शंभरीला आलेली सार्वजनिक वसाहत धड राहू शकते, फक्त कोणीतरी तिची सतत निगा राखावी लागते.

आणि रहिवाशांचं ऐकावंही लागतं. लंडनचा ग्रेनफेल टॉवर, नगरपालिकेच्या घरांची २४ मजली इमारत. २०१६ मध्ये नूतनीकरण झालं आणि बाहेरून जे आवरण बसवलं ते पेट घेणारं निघालं. १४ जून २०१७ च्या रात्री लागलेल्या आगीत ७२ माणसं गेली. तिथल्या रहिवाशांच्या गटानं आगीच्या धोक्याबद्दल आधीपासून लेखी इशारे दिले होते. तक्रार वही हा माझ्या खात्यातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज होता असं मी मानत आले. ती वही वाचणाऱ्या माणसाला खर्चाचे अधिकार असले पाहिजेत, नाहीतर तिचा काही उपयोग नाही.

प्रश्न : स्वस्त घरं नेहमी शहराबाहेर माळरानावरच का बांधतात? – वास्तुकलेची विद्यार्थिनी

कारण तिथे जमीन स्वस्त असते आणि घरांचा आकडा लवकर गाठता येतो. बसगाडी, शाळा, दवाखाना, मलनिस्सारण यांचा खर्च दुसऱ्या खात्यांच्या अंदाजपत्रकात पडतो, किंवा पडतच नाही. मेक्सिकोत २००० नंतरच्या दशकात कामगारांच्या निधीतून कर्जं देऊन शहरांपासून लांब लाखो छोटी घरं उभी राहिली. २०१० च्या जनगणनेत देशभर सुमारे ५० लाख घरं रिकामी आढळली. सगळीच त्या योजनांमधली नव्हती, पण लांबच्या वसाहतींत कुलपं लावून निघून गेलेली कुटुंबं मोठ्या संख्येनं होती. जाण्या-येण्यातच पगार आणि दिवस संपत असेल तर माणूस हप्ता भरलेलं घरही सोडतो.

तू वास्तुकला शिकतेस, म्हणून चिलीमधलं उदाहरण जरूर अभ्यास. इकिके शहरात मध्यवर्ती जागेवर सुमारे शंभर कुटुंबं तीस वर्षं अनधिकृतपणे राहत होती. जमीन, सोयी आणि घर मिळून प्रत्येक कुटुंबामागे ७,५०० डॉलर एवढंच अनुदान होतं. नेहमीच्या रीतीनं त्यांना शहराबाहेर पूर्ण घर मिळालं असतं. वास्तुरचनाकार अलेहान्द्रो अरावेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जागेवर राहता येईल असं निम्मं घर बांधलं. पाया, भिंती, जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर ही एकट्या कुटुंबाला न झेपणारी कामं पक्की करून दिली आणि शेजारी तेवढीच मोकळी जागा ठेवली. तिथे कुटुंबांनी सवडीनं खोल्या वाढवल्या. मला यातलं ‘निम्मं घर’ तितकं महत्त्वाचं वाटत नाही. लोकांचं काम, मुलांच्या शाळा आणि शेजार मोडू नये म्हणून अनुदानाचा मोठा भाग जागेवर खर्च केला, हा निर्णय महत्त्वाचा.

जमीन मिळवायचे मार्गही बरेच आहेत. फ्रान्सच्या डिसेंबर २००० च्या कायद्यानं ठरावीक आकाराच्या नगरपालिकांना एकूण घरांपैकी २० टक्के सामाजिक घरं, म्हणजे कमी भाड्यानं द्यायची घरं, ठेवणं बंधनकारक केलं. २०१३ मध्ये बहुतेकांसाठी हे प्रमाण २५ टक्के झालं. जी नगरपालिका कमी पडते तिला दरवर्षी दंड भरावा लागतो. काही श्रीमंत गावं आजही दंड भरतात आणि घरं बांधत नाहीत, म्हणून दंड वाढवत नेण्याचीही तरतूद आहे. व्हिएन्नानं १९८४ मध्ये जमीन आधीच घेऊन ठेवणारा निधी स्थापन केला. सिंगापूरनं १९६६ च्या कायद्यानं मोठ्या प्रमाणावर जमीन संपादित केली, पण कित्येक वर्षं मोबदला बाजारभावापेक्षा कमी होता आणि बाजारभावानं देण्याची तरतूद २००७ मध्ये आली. त्या यशाची किंमत मूळ जमीनमालकांनी मोजली. संपादनाचा मार्ग सुचवताना हे लपवू नये.

प्रश्न : एवढा पैसा आणायचा कुठून?

व्हिएन्नात १९२३ मध्ये नगरपालिकेचे अर्थप्रमुख ह्यूगो ब्राइटनर यांनी घरांवर चढत्या दराचा कर बसवला. साध्या घराला नाममात्र, आलिशान घराला जबर. तो पैसा फक्त घरबांधणीसाठीच होता, त्यातून आणि शहराच्या इतर करांतून १९३४ पर्यंत ६० हजारांहून जास्त घरं झाली. आजही ऑस्ट्रियात पगाराचा एक छोटा हिस्सा, अर्धा कामगाराकडून आणि अर्धा मालकाकडून, घरांच्या नावानं गोळा होतो. फ्रान्समध्ये सामान्य लोकांच्या करमुक्त बचत खात्यांतली मोठी रक्कम एका सार्वजनिक वित्तसंस्थेकडे जाते आणि ती सामाजिक घरं बांधणाऱ्यांना ४०-५० वर्षांच्या मुदतीनं कर्ज देते. घर शंभर वर्षं टिकतं, म्हणून कर्जही लांब मुदतीचं असावं. वीस वर्षांत फेडायला लावलं की भाडं आपोआप चढतं. माझ्या मते यात रकमेपेक्षा मुदत आणि दर वर्षीची खात्री जास्त मोलाची आहे. एका वर्षी भरपूर आणि पुढच्या वर्षी शून्य, असा निधी आला की कुशल कंत्राटदार टिकत नाहीत.

प्रश्न : आमच्या इमारतीशेजारी सामाजिक घरांची इमारत येते आहे. आमच्या घरांची किंमत पडेल का?

कदाचित काहीच होणार नाही, कदाचित थोडा फरक पडेल. वस्तीवर आणि इमारतीच्या व्यवस्थापनावर ते अवलंबून असतं. तुमच्या सभेनं विरोधाचा ठराव करण्यापेक्षा त्या इमारतीचा व्यवस्थापक कोण असेल आणि देखभालीचा निधी वेगळ्या खात्यात राहील का, हे लेखी विचारा. व्हिएन्नात उत्पन्नमर्यादा इतकी वर ठेवली आहे की शहरातली बहुतेक कुटुंबं अनुदानित घराला पात्र ठरतात, आणि पुढे पगार वाढला म्हणून कोणाला बाहेर काढत नाहीत. त्यामुळे शिक्षक, बसचालक आणि सफाई कामगार एकाच जिन्यात राहतात. तुमच्याकडे येणारी माणसंही तुमच्याच शहरात काम करणारी असतील. तुमच्या घरी कामाला येणारी बाई त्यातलीच एक असू शकेल.

प्रश्न : आम्ही काही कामगार कुटुंबं मिळून स्वतःच घरं बांधायचं ठरवतो आहोत. सरकारकडून जमीन मिळण्याची शक्यता आहे. हे झेपेल का? कुठे चुकण्याची भीती आहे?

झेपतं. उरुग्वेनं १९६८ च्या गृहनिर्माण कायद्यात अशा सहकारी संस्थांना स्थान दिलं आणि १९७० मध्ये त्यांचा महासंघ स्थापन झाला. सरकार जमीन आणि कर्ज देतं, कुटुंबं श्रम देतात. साधारणपणे प्रत्येक कुटुंबानं आठवड्याला २१ तास कामावर यायचं, कोणाचं घर कोणतं हे बांधकाम चालू असताना ठरवायचं नाही. त्यामुळे सगळ्यांच्याच भिंती सरळ येतात. मालकी संस्थेची राहते, कुटुंबाला वापराचा हक्क मिळतो आणि तो वारसांकडे जातो. सोडून जाणाऱ्याला आपला वाटा परत मिळतो, बाजारभाव मिळत नाही.

चुका बहुधा तीन ठिकाणी होतात. श्रमाच्या तासांची नोंद नीट ठेवली जात नाही आणि पहिली भांडणं तिथून लागतात. पाया, संरचना आणि वीज ही कामं हौसेनं स्वतः करायला घेतली जातात, ती प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या आणि त्यासाठी अभियंत्याला पगार द्या. तिसरी चूक सर्वांत महागात पडते. सुरुवातीला सगळे एकमेकांवर विश्वास टाकून असतात, त्यामुळे सदस्य सोडून गेला तर त्याला काय मिळेल आणि त्याच्या जागी कोण येईल, हे कोणी लिहून ठेवत नाही. दहा वर्षांनी त्या जागेला भाव आला की तेव्हा लिहायला कोणी तयार नसतं.

म्हणून जमिनीचा अर्ज करण्याआधी उपविधी तयार करा आणि त्यात दुरुस्ती निधीचं कलम पहिल्या महिन्यापासून लागू ठेवा, घरं नवी असतानाही. मसुदा झाला की मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवा. हस्तांतराचं आणि दुरुस्ती निधीचं कलम मी वाचून त्यावर खुणा करून परत पाठवीन. तुमची हरकत नसेल तर गावाचं नाव वगळून ते पुढच्या अंकात छापू, म्हणजे अशाच विचारात असलेल्या इतर गटांनाही वापरता येईल.